व्हायलवरची तारीख आणि सिरिंजमधलं घड्याळ

आज आधी एक छोटं गणित. एनआयसीयू, म्हणजे "बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय" असं आपण म्हणतो तो विभाग. तिथे एक किलोचं बाळ आहे. डॉक्टरांनी अँपिसिलिन लिहिलंय, 50 मिलिग्रॅम. व्हायल 500 मिलिग्रॅमची. एक भाग बाळाला, नऊ भाग उरले. पुढचा डोस बारा तासांनी. मग उरलेलं फ्रीजमध्ये ठेवायचं का? व्हायलवर तर अजून वर्षभर पुढची तारीख आहे!

ती तारीख कोरड्या पावडरीची. पाणी घातलं की नवं घड्याळ सुरू होतं. अँपिसिलिनचं माहितीपत्रक सांगतं, इंजेक्शन तयार केल्यावर एका तासात द्या. पाण्यात त्याचे रेणू तुटतात, शिवाय एकमेकांना चिकटतात. द्रावण जितकं घट्ट, तितकं हे लवकर. सलाइनऐवजी डेक्स्ट्रोजमध्ये मिसळलं तर अजून लवकर. आणि नुसत्या डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. नऊ भाग फेकताना जीवावर येतं, हे खरं. म्हणून काही ठिकाणी फार्मसीतच, स्वच्छ हवेच्या कपाटात, एका व्हायलमधून एकाच वेळी अनेक बाळांचे डोस भरतात.

मी अशा सिरिंजची लेबलं छापणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. एक्सपायरी हा तिथे एक कॉलम नाहीच मुळी, ते फंक्शन आहे. औषध कुठलं, किती घट्ट, कशात मिसळलं, तापमान किती, उजेड किती. बरं, डेक्स्ट्रोज नेहमीच वाईट असंही नाही. अँफोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध नेमकं सलाइनमध्ये साका धरतं, त्याला 5 टक्के डेक्स्ट्रोजच लागतं. झालं का सगळं उलटं?

वर जंतूंचं घड्याळ वेगळंच. औषध रसायन म्हणून दिवसभर टिकेल, पण सिरिंज वॉर्डातल्या टेबलावर भरली असेल तर तितका वेळ ठेवता येत नाही. दोन्हींपैकी जी वेळ आधी संपेल, ती लेबलवर.

यात मला सगळ्यात भारी वाटली ती नळी. मोठ्या माणसाला सलाइन धो धो जातं. इथे सिरिंज पंप ताशी अर्धा मिली ढकलतोय. नळीत एक मिली मावत असेल तर थेंबाला बाळापर्यंत पोचायला दोन तास! त्यातला काही वेळ गरम पेटीत, वर काविळीचा निळा दिवा. टिकाऊपणाच्या चाचण्या मात्र बरेचदा 25 अंशांवरच्या. इन्सुलिन तर खराब न होताही कमी पडतं, कारण ते प्लॅस्टिकच्या नळीलाच चिकटून बसतं.

आता प्रोस्टाग्लँडिन ई-1 बघा. काही बाळांच्या हृदयात असा जन्मजात दोष असतो की जन्मानंतर बंद होणारी एक रक्तवाहिनी उघडी राहिली तरच ती तगतात. हे औषध ती उघडी ठेवतं. अँप्यूल 1 मिलीची, 500 मायक्रोग्रॅमची, फ्रीजमध्ये ठेवायची. पातळ केलेलं द्रावण 24 तासांनी टाकून द्यायचं. पण शरीरात ते काही मिनिटांतच संपतं, त्यामुळे मध्ये खंड चालत नाही. म्हणून सिस्टर नवी सिरिंज आधी भरतात, लेबल लावतात, पंपाशेजारी तयार ठेवतात. मगच जुनी काढतात.