अंकांची चढण आणि उतरण



आज मी आपल्यापुढे एक संख्या ठेवतो. वहीत लिहून घ्या : १२३४५६७८९८७६५४३२१.

संख्या सतरा अंकी आहे. एकापासून नवापर्यंत ती चढते आणि त्याच पायऱ्यांनी उतरते. उर्दू मजकूर उजवीकडून वाचतात, मराठी डावीकडून. ही संख्या कोणत्याही टोकाकडून वाचा, तीच राहते.

ती आली कोठून? ११ ला ११ ने गुणा, १२१ येतात. १११ ला १११ ने गुणा, १२३२१ येतात. असेच नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग करा, म्हणजे आपली सतरा अंकी संख्या मिळते. यात जादू नाही. गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात. कडेच्या घरात एकच १ पडतो, मधल्या घरात नऊ. कोठेही हातचा येत नाही, म्हणून आकृती शाबूत राहते.

अंकांची बेरीज करा : ८१. आता १११११११११ ला ९ ने भाग जातो. तेव्हा त्याच्या वर्गाला ८१ ने भाग जाणारच.

आणि दहा वेळा १ घेतला तर? मधल्या घरात १० होतात, हातचा येतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढण मोडली! नऊ वेळा खरे ठरले म्हणून दहाव्या वेळी ठरेलच असे नाही. म्हणून विद्यार्थ्यांनो, नियम पाठ करून थांबू नका. तो का चालतो आणि कोठे थांबतो, हे विचारा.

अशा संख्यांना 'डेमलो संख्या' हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. डोंबिवली स्थानकाला तेव्हा डेमलो म्हणत, त्यावरून ते आले. डहाणूला १९०५ साली जन्मलेले कापरेकर पदव्युत्तर शिक्षण घेतलेले नव्हते. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवीत होते. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर त्यांचे नाव जगभरच्या गणितज्ञांपर्यंत पोचले.

पालकहो, "आमच्या घरात गणित कुणालाच जमत नाही" असे मुलांदेखत म्हणू नका. आपल्या केळापूर तालुक्यातला शेतकरी कापसाचे क्विंटल आणि भाव यांचा हिशेब तोंडी करतो; मग त्याच्या घरात गणित नाही असे कसे म्हणावे? नववी-दहावीत गणिताच्या धास्तीने मुलगी शाळा सोडते, तेव्हा तिच्या पुढच्या कित्येक वाटा बंद होतात. त्या धास्तीला आपलेच बोलणे खतपाणी घालते.

आज रात्री मुलांजवळ बसा. १११ चा वर्ग त्यांच्याकडून मांडून घ्या आणि विचारा, "असे का झाले?" उत्तर आपल्याला ठाऊक नसले तरी चालेल. मुलाला ते शोधू द्या.