चांगलं दिसतंय, तरीही...

मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. तीस वर्षं मी प्रयोगशाळेत डोळ्याच्या मागच्या पडद्याचा, म्हणजे दृष्टिपटलाचा, अभ्यास केला. नेत्रदानात मिळालेल्या डोळ्याचं समोरचं पारपटल अंध व्यक्तीच्या उपयोगी पडतं. घरच्यांची संमती असेल, तर उरलेला भाग आमच्यासारख्यांकडे संशोधनासाठी येतो. हा पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. चिमट्यानं उचलताना हात जरा थरथरला, की फाटलाच! पण प्रकाश टिपणाऱ्या बारा कोटींहून अधिक पेशी त्यात दाटीवाटीनं बसलेल्या असतात आणि त्यांना प्राणवायूची भूक फार मोठी.

मधुमेहाचा घाव नेमका या भुकेवर बसतो. पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या आधी पाझरू लागतात, मग बंद पडतात. आय. सी. मायकेलसन या नेत्रतज्ज्ञांनी १९४८ साली तर्क मांडला, की प्राणवायू कमी पडलेला पडदाच एखादं रसायन सोडत असावा आणि त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटत असाव्यात. ते रसायन हाती लागायला चाळीस वर्षं गेली. १९८९ साली नेपोलिओन फेरारा यांनी अमेरिकेत 'व्हीईजीएफ' हे प्रथिन वेगळं केलं. १९९४ साली बोस्टनच्या संशोधकांनी १६४ रुग्णांच्या डोळ्यांतले द्रव तपासले. नव्या वाहिन्या फुटत असलेल्या डोळ्यांत हेच प्रथिन वाढलेलं होतं आणि लेसर उपचारानंतर ते कमी होत होतं. लेसरनं पडद्याच्या कडेचा काही भाग जाळला, की प्राणवायू मागणारी तोंडं कमी होतात. मधला, वाचायला लागणारा भाग वाचतो.

आता कुणी म्हणेल, नव्या वाहिन्या फुटल्या तर बरंच झालं की! पण हे घाईघाईचं बांधकाम. भिंती कच्च्या. त्या कधी फुटतील याचा नेम नाही.

१९९८ साली हे सगळं मी विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृत्या काढून शिकवत होतो. त्याच वर्षी एका सकाळी आमचे अण्णा पेपर वाचता वाचता म्हणाले, "बघ रे, चष्म्यावर कोळ्याचं जाळं आहे का?" मी चष्मा पुसून दिला. जाळं गेलं नाही. चार दिवसांत उजव्या डोळ्यापुढे अंधार झाला.

डॉक्टरांनी विचारलं, "मागचा पडदा याआधी कधी तपासला होता?" अण्णांना मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली होती. मी खाली मान घालून बसलो. अण्णाच म्हणाले, "कधीच नाही. चांगलं दिसत होतं ना!" घरी येताना त्यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. तेच जास्त लागलं.

उजव्या डोळ्याची नजर पुरती परत आली नाही. डाव्या डोळ्यातही नव्या वाहिन्या फुटल्या होत्या. पण तिथे लेसर वेळेत झाला. त्या एका डोळ्यानं अण्णा शेवटपर्यंत पेपर वाचत राहिले.

आता उपाय वाढले आहेत. व्हीईजीएफला अडवणारं, मूळचं कर्करोगावरचं बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००५ पासून डोळ्यात इंजेक्शननं देऊ लागले. २००६ साली खास डोळ्यासाठी बनवलेल्या रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत मंजुरी मिळाली. या औषधांनी पाझर थांबतो, पडद्याची सूज उतरते. पण मेलेल्या पेशी त्यांनी जिवंत होत नाहीत. म्हणून वेळ महत्त्वाची.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे. त्यांतले कितीतरी जण आज अण्णांसारखंच म्हणत असतील. हा आजार सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, नजरही कमी करत नाही. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं होत नाही. थेंब घालून, बाहुली मोठी करून मागे पाहावं लागतं. प्रौढपणी मधुमेह कळला, की लगेच आणि नंतर दरवर्षी ही तपासणी करून घ्या. थेंबांमुळे काही तास धूसर दिसतं, तेव्हा सोबत कुणाला तरी न्या.

मधुमेह असला तरी नेत्रदान करता येतं. अण्णांनी केलं. अशा डोळ्यांतूनच आम्ही शिकत आलो.

तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल, तर आज त्यांना एवढंच विचारा : पडदा शेवटचा कधी तपासला होता? मी विचारलं नव्हतं.