एक गिटार, अनेक गळे

हरहुन्नरी माणसाचं आपल्याकडे कौतुक होतं, आणि त्यानं पाठ वळवली की त्यालाच ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असंही म्हटलं जातं. वाद्यांच्या दुकानात अशीच एक वस्तू भिंतीवर टांगलेली दिसते. मिश्र पिकअपची इलेक्ट्रिक गिटार. ती खरोखर हरहुन्नरी आहे की चिंध्यांचं गाठोडं, हे पैसे मोजण्यापूर्वी कळायला हवं. कारण बहुतेक घरांत असं वाद्य एकदाच घेतलं जातं. ते मनासारखं निघालं नाही तर दुसरं येत नाही. ते कपाटावर जाऊन बसतं आणि एखाद्या मुलाचं वाजवणंही तिथेच संपतं.

मी कवी माणूस, गिटार वाजवत नाही. पण मिरजेत राहतो, आणि मिरजेत राहणाऱ्याचे कान तारेच्या बाबतीत थोडे तयार होतातच. आमच्याकडे सतार आणि तंबोरा घडतो. भोपळा कसा आहे, लाकूड कोणतं, जवारी कशी काढली, यावर तिथे आवाज ठरतो. इलेक्ट्रिक गिटारीचं गणित वेगळं. तिचं धड बहुधा भरीव लाकडाचं असतं. तारांखाली लोहचुंबक बसवलेलं असतं आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेलं हेच तत्त्व. ती वीज अ‍ॅम्प्लिफायर मोठी करतो आणि स्पीकरमधून आवाज येतो. चुंबक आणि वेढे मिळून जे होतं त्याला पिकअप म्हणतात. पिकअप हा या वाद्याचा गळा.

या गळ्यांच्या मुख्य जाती दोन. पहिली सिंगल कॉइल, म्हणजे एकच वेटोळं. कॅलिफोर्नियातल्या फेंडर कंपनीनं १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर ही गिटार आणली, तिच्यावर असे तीन पिकअप होते. आवाज नितळ, काचेवर टिचकी मारल्यासारखा. प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. पण आसपासच्या विजेची गुणगुणही तो टिपतो. ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, भिंतीतली वायर, सगळ्यांची. दुसरी जात हंबकर. ‘हम’ म्हणजे गुणगुण, आणि तिला अडवणारा तो हंबकर. गिब्सन कंपनीतले सेथ लव्हर यांनी १९५५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५७ पासून तो गिब्सनच्या लेस पॉल गिटारीवर आला. त्यात दोन वेटोळी शेजारी शेजारी असतात, चुंबकाची टोकं उलट आणि वेढेही उलट. बाहेरची गुणगुण दोन्हींत एकमेकींना खोडते, तारेचा आवाज मात्र एकत्र मिळून भरदार होतो. त्या बदल्यात वरच्या स्वरांची चकाकी थोडी जाते.

पुष्कळ वर्षं वादकाला या दोहोंतलं एक निवडावं लागे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियातच एडी व्हॅन हॅलेन या तरुणानं स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाच्या धडात गिब्सनचा हंबकर स्वतःच्या हातानं बसवला. १९७८ साली त्यांच्या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका आली आणि जगानं तो आवाज ऐकला. पुढे कारखान्यांनी ही कल्पना उचलली. १९८७ साली आयबानेझ या जपानी कंपनीनं स्टीव्ह वाय यांच्यासाठी काढलेल्या गिटारीत दोन्ही टोकांना हंबकर आणि मधे सिंगल कॉइल होता. यामाहाच्या पॅसिफिका ११२ सारख्या गिटारींनी ब्रिजजवळ एक हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल ही मांडणी शिकणाऱ्यांच्या आवाक्यात आणली. दुकानदार पहिल्या मांडणीला ‘एचएसएच’ आणि दुसरीला ‘एचएसएस’ म्हणतात. एच म्हणजे हंबकर, एस म्हणजे सिंगल कॉइल. एवढंच त्यातलं गूढ.

माझी भाची कॉलेजात शिकते. शिकवण्या घेऊन तिनं पैसे साठवले होते. मला म्हणाली, ‘‘मामू, दोन गिटारी घेणं मला जमणार नाही. एकीतच भागवायचं आहे.’’

‘‘वाजवणार काय काय?’’ मी विचारलं.

तिनं बोटांवर मोजून सांगितलं. कॉलेजच्या बँडमध्ये रॉक, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी, आणि ‘‘तुमच्या मुशायऱ्यात गझलेला साथ.’’ खरेदीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम तिनं तिथेच उरकलं, असं मला वाटतं. कोणती गिटार चांगली, या प्रश्नाला उत्तर नसतं. मला काय वाजवायचं आहे, याला असतं.

तिसऱ्या कामावर कुणी नाक मुरडेल. त्यांनी भूपिंदरसिंग यांना आठवावं. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ मधल्या ‘दम मारो दम’ची गिटार त्यांच्या बोटांतून आलेली, आणि पुढे गझल गातानाही त्यांनी गिटारीला जवळ केलं. दोन्ही मिजाज एकाच माणसाच्या हातात होते.

तिच्या तिन्ही कामांना ‘एचएसएस’ मांडणी पुरते. रॉकसाठी ब्रिजजवळचा हंबकर. गझलेसाठी मानेकडचा सिंगल कॉइल, टोनची कळ थोडी उतरवून. आणि सिनेमाच्या गाण्यातल्या खटकेदार ठेक्यासाठी दोन पिकअपच्या मधली जागा. या मधल्या जागेची गोष्ट मोठी गमतीची आहे. जुन्या स्ट्रॅटोकास्टरच्या खटक्याला तीनच जागा होत्या. वादकांनी तो अर्ध्यात अडकवून पाहिला, तर दोन पिकअप एकदम वाजले आणि एक नवाच, किंचित अनुनासिक, गोड आवाज निघाला. १९७७ साली फेंडरनं पाच जागांचा खटका द्यायला सुरुवात केली. वादकांनी शोधलेल्या आवाजाला कारखान्यानं अशी अधिकृत जागा दिली.

म्हणून दुकानात गेल्यावर आधी दोन आणि चार या मधल्याच जागा ऐका. अ‍ॅम्प साफ आवाजावर ठेवायला सांगा, कसलाही इफेक्ट नको. विकणारा बहुधा हंबकर लावून, डिस्टॉर्शन चढवून, जोरात वाजवून दाखवतो. त्या गर्जनेत पुष्कळ गिटारी सारख्याच वाटतात. गिटारीचा कमकुवत आवाज कोणता, हे हळू वाजवल्यावर कळतं.

मग खटका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. हंबकरवरून सिंगल कॉइलवर येताना आवाज एकदम पडतो का? थोडा फरक राहणारच, आणि पिकअपची उंची स्क्रूनं कमी-जास्त करून तो बराच सांधता येतो. त्यानंतरही खड्डा राहत असेल तर कार्यक्रमात गाण्याच्या मध्यावर पंचाईत होते. आता व्हॉल्यूमची कळ निम्म्यावर आणा. आवाज नुसता लहान झाला तर ठीक, गढूळ झाला तर विचार करा. काही गिटारींत एक कळ वर ओढली की हंबकरचं एक वेटोळं बंद होतं. त्याला कॉइल स्प्लिट म्हणतात. ते सोयीचं असतं, पण तो आवाज बारीक आणि हलका होतो. त्याला अस्सल सिंगल कॉइल समजून जादा पैसे मोजू नका.

पिकअप नंतर बदलता येतात, मान बदलणं महाग पडतं. म्हणून बसून आणि उभं राहून, दोन्ही तऱ्हांनी वाजवून पाहा. पडद्यांच्या कडांवरून बोट फिरवा, टोचतात का ते बघा. तारा कुलूपबंद करणारा तरंगता ब्रिज दिसायला झोकदार असतो. पण त्यावर एक तार तुटली की बाकीच्याही बेसूर होतात. जिच्याकडे एकच गिटार आहे तिनं साधा ब्रिज घेतलेला बरा. आणि सगळे पैसे गिटारीवर संपवू नका. बऱ्या अ‍ॅम्पविना हा गळा मुकाच.

आता त्या म्हणीचं उत्तर. मिश्र गिटारीत तडजोड असते, हे खरं आहे. व्हॉल्यूमच्या कळीचंच पाहा. सिंगल कॉइलला साधारणपणे अडीचशे किलोओमची कळ मानवते, हंबकरला पाचशेची, आणि कळ बहुधा एकच असते. एकाची चकाकी जपावी तर दुसऱ्याला काही सोसावं लागतं. त्यामुळे ही गिटार हुबेहूब जुनी स्ट्रॅटोकास्टर होत नाही, लेस पॉलही होत नाही. ज्याचा जीव एकाच आवाजावर जडला आहे, त्यानं तो आवाज देणारी गिटारच घ्यावी. ज्याला एका संध्याकाळी तीन मैफलींत वाजवायचं आहे, त्याला ही तडजोड कामाला येते.

दुकानात जाताना खिशात पैशांबरोबर एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर आपल्याला वाजवायची तीन गाणी लिहिलेली असू द्या. ती तिन्ही, हळू आवाजात, तिथेच वाजवून बघा. तिसरं गाणंही मनासारखं वाजलं, तर रंग कोणता हे विचारायला हरकत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)