मुळशीचा 'पॅटर्न' आणि प्रेक्षक

नोव्हेंबर 2018 मध्ये दिग्दर्शक प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' हा मराठी सिनेमा पडद्यावर आला. हिंदीच्या मानाने मोजका खर्च, नायक ओम भूतकर. पण थेटरात शिट्ट्या पडल्या. बोलणाऱ्यांचे मात्र दोन तट. एक म्हणतो, पोरं कोयता-बंदुकीच्याच प्रेमात पडतात, शेवट कोण लक्षात ठेवतो? दुसरा म्हणतो, आमच्या घरात झालं तेच दाखवलंय.

पहिला आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. 'अरारारा' गाण्याचा ठेका भाईगिरीला रुबाब देतो, हे खरंच. पण माझ्या मते या सिनेमाचा कणा गुंड झालेला नायक नव्हे, त्याचा बाप आहे. मोहन जोशींनी रंगवलेला सखा पाटील जमीन विकतो, आलेला पैसा उडतो, आणि हा मालक पहारेकरी होतो, पुढे हमाल. हिंजवडीचं आयटी पार्क पुण्याजवळच्या याच मुळशी तालुक्यात. तिथल्या प्रेक्षकाला हे पात्र समजावून सांगावं लागत नाही. जमिनीची जखम इथं जुनीच. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा मुळशी सत्याग्रह याच मातीतला.

2021 मध्ये महेश मांजरेकरांनी 'मुळशी पॅटर्न'वरूनच हिंदीत 'अंतिम' केला. सलमान खान आला, पोलिसाची भूमिका मोठी झाली. मूळ मराठी पाहिलेल्यांपैकी अनेकांना त्यात सखा पाटलाचं दुःख पातळ झाल्यासारखं वाटलं. मलाही.