इथेनॉल आणि पेट्रोलचा भाव



“उसापासून इथेनॉल निघू लागले, मग पेट्रोल स्वस्त का झाले नाही?” हा प्रश्न ऊसपट्ट्यातील गावोगाव विचारला जातो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे.

पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये नऊ राज्यांत सुरू झाला. २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. पेट्रोलची मूळ किंमत खनिज तेलाच्या जागतिक बाजाराशी बांधलेली असते. इथेनॉलचा खरेदीदर मात्र देशातील कच्च्या मालाच्या खर्चाशी निगडित असतो. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे, तर मक्यापासूनच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे दर होता. खनिज तेल भडकले, तर असे मिश्रण भाववाढीची झळ काहीशी सौम्य करते. तेल उतरले, तर हेच मिश्रण महाग पडते. शिवाय पंपावरील दरात केंद्राचे उत्पादन शुल्क व राज्याचा मूल्यवर्धित कर यांचा मोठा वाटा असतो, हेही विसरता येत नाही.

दुसरी बाब ऊर्जेची. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकी वाहनांचे ‘ॲव्हरेज’ २० टक्के मिश्रणाने ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात होता. अशा वाहनाच्या मालकास १०० रुपयांचे लिटर प्रत्यक्षात सुमारे १०७ रुपयांना पडते.

तिसरी बाब शेताची. पाऊस कमी पडून साखर घटण्याची चिन्हे दिसताच डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध घातले; ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठविण्यात आले. दरम्यान मक्याची मागणी वाढली. मका उत्पादकास भाव मिळाला, तर कोंबडीपालकाचे खाद्य महागले. एकाचा लाभ तो दुसऱ्याचा खर्च ठरला.

मग साधले काय? परकीय चलनाची बचत झाली, कारखान्यांना उत्पन्नाचे दुसरे साधन लाभले आणि त्यामुळे ऊस उत्पादकाचे देणे चुकते करणे सुकर झाले. हा लाभ खरा आहे; परंतु तो पंपावरील दरफलकावर वाचता येत नाही. ग्रामसभेत आणि वर्गात स्वस्ताईचे आश्वासन न देता हा हिशेब जसाच्या तसा मांडणे, हेच लोकशिक्षण होय.