एम.ए.चे श्रेयांक सीमेवर का अडतात?

(बेळगाव येथे मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पेढे वाटून झाले, आता थोडे कडू बोलू.

गेल्या काही वर्षांत एकच गाऱ्हाणे आम्ही अनेक घरांतून ऐकले. मुलगी इथे एम.ए.चे पहिले वर्ष पास होते, लग्न होऊन कोल्हापूर-पुण्याकडे जाते आणि तिथले कार्यालय सांगते, पुन्हा पहिल्यापासून. दोन सत्रे, फी, सारे पाण्यात. अशीच एक लेक गुणपत्रिका घेऊन मंडळात आली होती. सासरचे म्हणाले होते, "मग राहू दे." ते 'राहू दे' आम्हाला फार लागले.

नियम मात्र तिच्या बाजूचा आहे. यूजीसीने जुलै २०२१ मध्ये श्रेयांक बँकेचे विनियम काढले. एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा व्हावेत आणि दुसरीकडे पदवीसाठी वापरता यावेत, अशी ही सोय. मुदत जास्तीत जास्त सात वर्षे. अट एवढीच, की निदान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या विद्यापीठातच मिळवायचे. समजा एम.ए. ८० श्रेयांकांचे आहे, तर ४० नेता येतील. तिसरे सत्र उरकून निघालात तर ते जादाचे ओझे.

पण ही बँक तुमच्या हातून कागद घेत नाही. श्रेयांक विद्यापीठानेच भरावे लागतात. डिजिलॉकरवर खाते उघडले म्हणजे काम झाले, असे मुलांना वाटते. आत पाहावे तर शून्य. आणि आकडा दिसला तरी जमा असणे वेगळे, वटणे वेगळे! आपले पेपर त्यांच्या पेपरांशी जुळतात की नाही, हे नवे विद्यापीठ ठरवते.

त्यात २०२४ मध्ये कर्नाटकाने चार वर्षांची पदवी सोडून पुन्हा तीन वर्षांची धरली. महाराष्ट्राने नव्या धोरणाची चार वर्षांची ऑनर्स चालू ठेवली, आणि ती केलेल्याला एम.ए. एका वर्षात करता येते. आमच्या मुलांना मात्र दोन वर्षेच.

महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, तिथल्या मुलांना तिकडे प्रवेशाच्या सवलती आहेत. त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण त्या पहिल्या पायरीवरच्या. अर्ध्यावरून येणाऱ्याचे काय, हे निवडणुकीच्या सभेत कोणी बोलत नाही. दोन्ही बाजूंच्या विद्यापीठांनी समकक्षतेचा निर्णय ठराविक दिवसांत आणि लेखी द्यावा, नकार दिल्यास कारण लिहावे, एवढी आमची मागणी आहे. दोन्ही सरकारांना हे निवेदन जाईल. सह्या आज दाराशी घेत आहोत.

तोवर मुलांनो, गाव सोडण्याआधी अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत घ्या, नंतर ती मिळवताना जीव जातो. स्थलांतर प्रमाणपत्र घ्या. श्रेयांक खात्यावर दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका, आणि तिकडची फी लेखी होकार आल्यावरच भरा.

अर्जाचा मराठी नमुना मंडळात तयार आहे. रविवारी सकाळी या, येताना दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका आणा.