पक्षिणीच्या अंगातील विष



निलंग्यात समुद्रपक्ष्यांविषयी काय बोलावयाचे, असे कोणास वाटेल. परंतु आपल्या शिवारातील पाणी तेरणेत जाते, तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी समुद्राला. पिकावर मारलेल्या औषधाचा काही अंश याच वाटेने जातो.

डी.डी.टी. हे नाव वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. शेतीसाठी त्यावर आपल्या देशात १९८९ साली बंदी आली. पण ते मातीत वर्षानुवर्षे टिकते. ते पाण्यात नव्हे, चरबीत विरघळते. म्हणून किड्यातून माशात, माशातून पक्ष्यात साठत जाते.

आपल्याच राज्यात वेंगुर्ल्यासमोरील खडकांवर सुरय पक्षी अंडी घालतात. अशी कोणतीही पक्षीण अंडे घालते, तेव्हा बलकातील चरबीबरोबर तिच्या अंगातील विषाचा वाटा अंड्यात उतरतो. तिचा साठा तेवढा घटतो. नराला ही वाट नाही!

उत्तर नॉर्वेतील आयडर बदकाची गोष्ट याहून विलक्षण आहे. मादी अंडी उबविताना सुमारे पंचवीस दिवस जवळजवळ काही खात नाही, अंगच्या चरबीवर जगते. चरबी जळते, विष जळत नाही. ते रक्तात येते. संशोधकांनी उबवणीच्या आरंभी व अखेरीस रक्त तपासले, तेव्हा ते कित्येक पटींनी वाढलेले आढळले. नवे विष मात्र पोटात गेलेले नव्हते. तेव्हा अमुक पक्ष्यात इतके विष, असा नुसता आकडा दिसला तर विद्यार्थ्यांनी विचारावे : नर की मादी? अंड्यांपूर्वी की नंतर?

विष वाढले की काय होते? कॅलिफोर्नियाच्या अनाकापा बेटावर १९७० साली पेलिकनांच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली की आईच्या भाराने ती फुटत. शेकडो घरट्यांतून एकच पिल्लू निघाले.

माणसातही आईच्या दुधावाटे ही द्रव्ये उतरतात, पहिल्या बाळाला अधिक. पण म्हणून कोणी भगिनीने अंगावर पाजणे सोडू नये. त्या दुधाचे लाभ फार मोठे आहेत. सध्याची बहुतेक औषधे चरबीत इतकी साठत नाहीत, तरी अंगाला लागली तर लगेच बाधतात. औषधाचे रिकामे डबे धान्याला वा पाण्याला वापरू नका. फवारणीचे कपडे वेगळे धुवा. गरोदर बाईला फवारणीच्या शेतात पाठवू नका, मग मजुरी कितीही मिळो.